लिक्विड फिलिंग मशीनवरचा पेरिस्टाल्टिक पंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिंग मशीन विकत घेणारे, बसवणारे आणि रोज चालवणारे जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट सारखी समोर येईल: या पंपात खरं काम करते ती आतली नळी. मोटर, ड्राइव्ह आणि टचस्क्रीन यांची चौकशी करण्यात दिवस जातात आणि नळी कोणती घ्यायची हे शेवटच्या पाच मिनिटांत ठरतं. नंतरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं, म्हणून इथे नळीबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

पेरिस्टाल्टिक पंप चालतो कसा?

पंपाच्या हेडमध्ये अर्धगोल खाचेत एक लवचिक नळी बसवलेली असते. मधोमध फिरणाऱ्या चाकावर रोलर असतात. रोलर नळीला दाबून पूर्ण बंद करतो आणि तसाच पुढे सरकतो, त्यामुळे पुढचा द्रव ढकलला जातो. रोलर पुढे गेला की मागची चेपलेली नळी पुन्हा गोल होते आणि त्या ओढीने नवा द्रव आत येतो. घास अन्ननलिकेतून पोटाकडे सरकतो तो याच पद्धतीने.

शेवटच्या ओळीआधीचं वाक्य नीट लक्षात ठेवा. द्रव आत ओढायचं काम मोटर करत नाही, नळीचा ताठपणा करतो. नळी थकली की ओढ कमी होते, आणि ओढ कमी झाली की बाटलीत माल कमी पडतो.

फिलिंगसाठी हाच पंप का? पिस्टन किंवा गियर पंप का नको?

द्रव फक्त नळीच्या आतल्या बाजूला लागतो. सील नाही, व्हॉल्व्ह नाही, द्रवात बुडालेला धातूचा भाग नाही. एक उत्पादन संपवून दुसरं घ्यायचं असेल तर जुनी नळी काढून नवी लावली की झालं. पिस्टन फिलरवर याच कामासाठी सिलिंडर, पिस्टन, ओ-रिंग आणि व्हॉल्व्ह खोलून, धुऊन, वाळवून पुन्हा बसवावे लागतात. ज्यांच्याकडे दिवसात तीन-चार उत्पादनं बदलतात, त्यांना हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

दुसरं कारण म्हणजे द्रवाला मिळणारी मऊ वागणूक. प्रथिनांची द्रावणं, लस, पेशी असलेले द्रव, जोरात ढवळलं की फुटणारी इमल्शन्स हे सगळं इथे सांभाळून पुढे जातं. १९५३ मध्ये अमेरिकन सर्जन जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या (हृदय आणि फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या यंत्राच्या) मदतीने उघड्या हृदयावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्या यंत्रात रक्त फिरवायला रोलर पंपच होते.

पण एकच उत्पादन, तेही घट्ट, आणि वर्षभर तेच भरायचं असेल तर पिस्टन किंवा लोब पंप जास्त परवडतो. तिथे पेरिस्टाल्टिकचा आग्रह धरू नये.

कोणत्या द्रवासाठी हा पंप टाळावा?

मधासारखा किंवा त्याहून घट्ट माल, मोठे तुकडे असलेला माल, आणि ज्याला चालेल अशी नळीच मिळत नाही असा माल. घट्ट मालात चेपलेली नळी पुढचा रोलर यायच्या आत पूर्ण उघडत नाही, म्हणून ती अर्धवटच भरते. मोठी नळी आणि कमी वेग यांनी थोडीफार वाट निघते, पण वेग इतका उतरवावा लागतो की लाइनला तो पुरत नाही.

दाबाचंही बंधन आहे. फिलिंग मशीनवरच्या साध्या नळ्या साधारण २ बारपर्यंत काम करण्यासाठी असतात. लांबलचक डिस्चार्ज लाइन (पंपानंतरची नळी), बारीक नोझल (बाटलीत माल सोडणारं तोंड) आणि घट्ट द्रव असे तिन्ही एकत्र आले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. जाड, धाग्याने मजबूत केलेल्या होजचे मोठे पंप १६ बारपर्यंत जातात, पण ते बाटल्या भरण्यासाठी सहसा वापरले जात नाहीत.

नळी कोणत्या मटेरियलची घ्यावी?

आधी द्रव, मग आयुष्य, मग किंमत या क्रमाने ठरवा.

सिलिकॉनची नळी सर्वात जास्त वापरली जाते. ती मऊ असते, लवकर मूळ आकारात येते, ऑटोक्लेव्ह करता येते, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करता येते. पाणी, सरबतं, पातळ औषधी द्रावणं, अल्कोहोलवर आधारित सॅनिटायझर यांना ती चालते. तेलं, पेट्रोलियम पदार्थ आणि तीव्र आम्लं यांना चालत नाही. ती फुगते किंवा खराब होते. औषध आणि अन्नासाठी प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉनच मागा, कारण पेरॉक्साइड-क्युअरमध्ये क्युअरिंगचे (सिलिकॉन पक्कं करण्याच्या प्रक्रियेचे) अवशेष मागे राहू शकतात. सिलिकॉनमधून हवा झिरपते, हेही विसरू नका. ऑक्सिजनने बिघडणारा माल रात्रभर त्या नळीत ठेवायचा नाही.

थर्मोप्लास्टिक इलास्टोमरची, म्हणजे बाजारात टीपीई म्हणून मिळणारी नळी बहुधा फिकट पिवळसर किंवा काळी असते. रोलरखाली ती सिलिकॉनपेक्षा कितीतरी पट जास्त टिकते. फ्लोअर क्लीनर, सोडियम हायपोक्लोराइट, सौम्य आम्ल आणि अल्कली भरणाऱ्यांनी आधी हिचाच विचार करावा. तेल आणि सॉल्व्हेंटला ही पण दाद देत नाही.

हायड्रोकार्बन आणि बऱ्याच तीव्र रसायनांसाठी फ्लुओरोइलास्टोमर म्हणजे एफकेएमची नळी असते. ती महाग असते आणि रोलरखाली लवकर दमते. ॲसिटोनसारख्या कीटोनला ती अजिबात चालत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर भरण्यासाठी कोणी “सगळ्यात महागडी द्या” म्हणून एफकेएम नेली तर ती फुगून वाया जाते.

साध्या पीव्हीसी नळ्यांमधलं प्लॅस्टिसायझर तेलकट आणि अल्कोहोलयुक्त मालात उतरतं. बाटलीत जाणाऱ्या मालासाठी त्या वापरू नयेत.

तक्ते बघा, पण त्यावर थांबू नका. नळीचा बोटभर तुकडा कापा, वजन करा, बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा आणि तुमच्याच मालात बुडवून दोन दिवस झाकून ठेवा. मग पुसून पुन्हा वजन आणि व्यास घ्या. तुकडा फुगला, चिकट झाला, कडक झाला किंवा मालाला रंग-वास आला तर ती नळी तुमच्यासाठी नाही. तक्त्यात रसायनाचं नाव असतं. तुमच्या मालात सुगंध, सर्फॅक्टंट, रंग आणि प्रिझर्व्हेटिव्ह एकत्र असतात. त्या मिश्रणाचं उत्तर हा तुकडाच देतो.

अन्न आणि औषधासाठी नळीची कोणती कागदपत्रं मागावीत?

अन्नासाठी एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेच्या २१ सीएफआर १७७.२६०० या नियमाप्रमाणे असल्याचं पत्र आणि औषधासाठी यूएसपी म्हणजे अमेरिकन औषधकोशाच्या क्लास सिक्स चाचणीचा अहवाल हे साधारणपणे मागितलं जातं. दोन्ही कागद त्याच ग्रेडचे असावेत आणि नळीच्या पुडक्यावर लॉट नंबर असावा. “फूड ग्रेड” एवढाच शब्द छापलेला असेल तर त्याला कागदाची जागा देऊ नका.

नळीचा साइज कसा ठरवायचा?

एका फेरीत किती मिली जातात यावरून. भिंत १.६ मिमी जाड असलेल्या नळीत, नेहमीच्या हेडवर साधारण असे आकडे येतात: आतला व्यास ०.८ मिमी असेल तर एका फेरीत ०.०६ मिली, १.६ मिमीला ०.२१, ३.१ मिमीला ०.८, ४.८ मिमीला १.७, ६.४ मिमीला २.८ आणि ७.९ मिमीला ३.८ मिली. हेड बदललं की आकडे बदलतात, म्हणून स्वतःच्या पंपाचा तक्ता वापरा.

समजा १०० मिलीची बाटली आहे. ४.८ मिमीच्या नळीने सुमारे ५९ फेऱ्या लागतील, म्हणजे ३०० आरपीएमला जवळपास १२ सेकंद. ७.९ मिमीने २६ फेऱ्या, ५ सेकंदांच्या आसपास. इथे मोठी नळी सरळच चांगली.

आता ५ मिलीची बाटली घ्या. ६.४ मिमीच्या नळीने दोन फेऱ्यासुद्धा पूर्ण होत नाहीत. इतक्या कमी फेऱ्यांत रोलर सुरुवातीला कुठे होता आणि शेवटी कुठे थांबला याचा फरक सरळ मापात उतरतो. ३.१ मिमीची नळी घेतली तर सव्वासहा फेऱ्या मिळतात आणि ३०० आरपीएमला सव्वा सेकंदात काम होतं. तेव्हा लहान मापाला लहान नळी. एका मापासाठी निदान पाच-सहा फेऱ्या मिळाव्यात, असं आम्ही धरून चालतो.

अचूकता किती मिळते?

नळी स्थिरावलेली, सक्शन (माल ओढण्याची बाजू) नीट आणि कॅलिब्रेशन (प्रत्यक्ष भरलेलं माप तपासून सेटिंग जुळवणं) ताजं असेल तर अधिक-उणे १ टक्का आरामात, आणि काळजी घेतली तर ०.५ टक्क्यापर्यंत. एक मिलीच्या खालच्या मापाला खास हेड आणि बारीक नळी लागते. माहितीपत्रकातला आकडा बहुधा पाण्यावर घेतलेला असतो. तुमच्या मालावर घेतलेला आकडा मागा.

सकाळी बरोबर भरणारं मशीन दुपारी कमी का भरतं?

सगळ्यात जास्त येणारी तक्रार. आणि बहुतेक वेळा मोटर किंवा कंट्रोलरवर संशय घेतला जातो, जेव्हा तिथे काहीच बिघडलेलं नसतं. पुढच्या क्रमाने बघत गेलात तर कारण सापडतं.

पहिला प्रश्न: नळी आज बदलली का? नवी नळी सुरुवातीला भराभर बदलते. रोलरखाली ती नरम पडते, थोडी ताणली जाते आणि प्रत्येक फेरीत जाणारा माल बदलतो. म्हणून नवी नळी लावली की आधी रिकामी किंवा माल फिरवून अर्धा तास चालवावी, मग कॅलिब्रेट करावी. हे न करता लगेच कॅलिब्रेट केलं तर दुपारी फरक येणारच.

दुसरा: टाकीतली पातळी. द्रवाची पातळी एक मीटरने उतरली की पंपाच्या तोंडाशी मिळणारा दाब साधारण ०.१ बारने कमी होतो. मऊ नळी तेवढ्यानेही कमी फुगते. सकाळी भरलेली उंच टाकी दुपारी तळाला जाते आणि त्याबरोबर बाटलीतली पातळीही जाते. उपाय सोपा आहे: मोठी टाकी आणि पंप यांच्यामध्ये फ्लोट लावलेली छोटी टाकी ठेवा, म्हणजे पंपाला दिवसभर एकच पातळी दिसेल. एवढ्या एका बदलाने कितीतरी मशीनचं रडगाणं थांबलेलं आम्ही पाहिलं आहे.

तिसरा: सक्शनला हवा. पारदर्शक सक्शन लाइनकडे टॉर्च लावून बघा. जोडाच्या पुढे बारीक बुडबुड्यांची माळ दिसली तर तो जोड हवा घेतोय. बाहेर माल गळत नसला तरी आत हवा जाऊ शकते, कारण तिथे दाब बाहेरपेक्षा कमी असतो.

चौथा: सक्शनचा गाळणा. अर्धवट चोंदला की पंप आवाज न बदलता कमी ओढतो.

हे चारही ठीक असतील तर मालाचं तापमान बघा. थंड माल घट्ट होतो, आणि गरम मालाने नळी नरम पडते. दोन्हींनी माप हलतं.

कॅलिब्रेशन कसं करायचं?

वजनाने. मोजपात्रातली रेघ डोळ्यांनी वाचण्यापेक्षा काटा जास्त खरं सांगतो. पण घनता लक्षात घ्या: मिली आणि ग्रॅम फक्त पाण्यातच जवळपास सारखे असतात.

उदाहरण. माप २५० मिली, घनता १.०३. म्हणजे बाटलीत २५७.५ ग्रॅम माल हवा. दहा बाटल्या भरल्या आणि सरासरी २५४.९ ग्रॅम आली. २५७.५ भागिले २५४.९, म्हणजे १.०१०२. आत्ता १४७ फेऱ्या सेट असतील तर त्याला १.०१०२ ने गुणा, म्हणजे १४८.५. एवढं केलं की पुन्हा दहा बाटल्या.

सरासरीबरोबर दहांमधली सर्वात कमी आणि सर्वात जास्त बाटलीही लिहून ठेवा. सरासरी चुकत असेल तर सेटिंग बदलायचं. सरासरी बरोबर पण बाटल्या वरखाली होत असतील तर सेटिंगला हात लावू नका. तिथे हवा, सैल नळी किंवा खूप कमी फेऱ्या यांपैकी काहीतरी आहे.

कॅलिब्रेशन ज्या वेगाला केलं त्याच वेगाला भरा. वेग वाढवला की प्रत्येक फेरीतला माल तेवढाच राहतो असं धरू नका, घट्ट मालात तर नाहीच.

भरून झाल्यावर नोझलमधून थेंब पडतो.

पंप थांबला तरी नोझलमधल्या मालाला कुणी अडवलेलं नसतं. कंट्रोलरमध्ये रिव्हर्स किंवा सक-बॅक नावाचं सेटिंग असतं: थांबल्यावर चाक थोडंसं उलटं फिरतं आणि टोकाशी लोंबणारा थेंब आत ओढला जातो. टोकाकडे नीट बघत हे सेट करा. थेंब आत गेला आणि मालाची पातळी टोकापासून दोन-तीन मिलिमीटर वर थांबली, की पुरे. जास्त उलटं फिरवलं तर नोझलमध्ये हवा शिरते आणि पुढची बाटली शिंतोडे उडवत सुरू होते.

सक-बॅक करूनही थेंब येत असेल तर नोझल मालाच्या मानाने मोठं आहे. पातळ मालाला लहान तोंडाचं नोझल लागतं. पंपापासून नोझलपर्यंतची लाइन लांब आणि मऊ असेल तर ती भरताना फुगते आणि नंतर हळूहळू आकसत माल सोडत राहते, तेही थेंबाचं एक कारण. पंपानंतरची लाइन आखूड आणि जरा कडक ठेवा.

फेस येतो.

नोझल बाटलीच्या तळाशी न्या आणि माल वाढेल तसं वर उचला. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग हळू, मधला जोरात. शॅम्पू आणि लिक्विड डिटर्जंटला याशिवाय गत्यंतर नाही.

प्रवाह धक्क्याधक्क्याने येतो. हा दोष आहे का?

दोष म्हणता येणार नाही, तो या पंपाचा स्वभाव आहे. रोलर नळीवरून उठतो त्या क्षणी तिथली जागा भरायला थोडा माल मागे येतो आणि प्रवाह मंदावतो. जास्त रोलरच्या हेडमध्ये धक्के लहान होतात, पण एका फेरीतला मालही कमी होतो आणि नळी जास्त वेळा चेपली जाते. त्याहून चांगला उपाय म्हणजे दोन नळ्या, दोन हेड आणि त्यांचे रोलर एकमेकांच्या मध्ये येतील असे बसवलेले. एकीचा प्रवाह उतरतो तेव्हा दुसरीचा चढलेला असतो. पुढे वाय जोडाने दोन्ही एका नोझलला जोडायच्या.

नळी किती टिकते आणि कधी बदलावी?

तास मोजू नका, फेऱ्या मोजा. फिलिंगमध्ये पंप थांबत थांबत चालतो, त्यामुळे “आठ तास चालला” याचा काही अर्थ निघत नाही. तीन रोलरचं हेड ३०० आरपीएमला सतत चाललं तर नळी मिनिटाला ९०० वेळा, तासाला ५४,००० वेळा चेपली जाते. १०० मिलीच्या बाटलीला २६ फेऱ्या लागत असतील तर २०,००० बाटल्यांना ५,२०,००० फेऱ्या. कंट्रोलरमध्ये फेऱ्यांचा काउंटर असेल तर तो नळी बदलताना शून्यावर आणा.

पहिली नळी फुटेपर्यंत किंवा माप धरणं सोडेपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते एकदा नोंदवून ठेवा आणि पुढच्या नळ्या त्याच्या निम्म्याच्या आसपास बदला. फुटलेल्या नळीमुळे वाया जाणारा माल, थांबलेली लाइन आणि हेडची सफाई यांच्यापुढे नळीची किंमत काहीच नाही.

काढलेली नळी फेकण्याआधी ब्लेडने उभी चिरून आत बघा. रोलरच्या वाटेवर दोन समांतर रेषा दिसतील. त्या रेषांवर पांढरट भुकटी, बारीक सालं किंवा चिरा असतील तर ते कण तुमच्या मालात जात होते. इंजेक्शनसारख्या उत्पादनात हे अजिबात चालत नाही. तिथे सिलिकॉनऐवजी कमी कण सोडणारी नळी, लवकर बदल आणि पुढे फिल्टर असा बंदोबस्त लागतो.

नळी हेडमधून हळूहळू सरकते.

क्लॅम्प सैल आहे किंवा नळीच्या साइजला जुळणारा नाही. हेडच्या दोन्ही तोंडांशी नळीवर मार्करने खूण करा आणि तासाभराने बघा. क्लॅम्प इतकाही आवळू नका की नळीचं तोंड चेपेल, नाहीतर सक्शन कमी होईल.

रोलरचा दाब किती ठेवावा?

नळीच्या दोन्ही भिंती मिळून होणाऱ्या जाडीपेक्षा १० ते २० टक्के कमी अंतर. १.६ मिमी जाडीच्या नळीत दोन भिंती ३.२ मिमी, म्हणून अंतर साधारण २.६ ते २.९ मिमी. अंतर जास्त असेल तर माल मागे सरकतो, कमी असेल तर नळी लवकर मरते. बऱ्याच हेडमध्ये हे कारखान्यातूनच पक्कं केलेलं असतं. म्हणूनच नळीची जाडी आतल्या व्यासाइतकीच महत्त्वाची आहे: १.६ मिमीच्या हेडमध्ये २.४ मिमीची नळी दाबून बसवायची नाही.

टाकी कुठे ठेवावी?

पंपाच्या पातळीला किंवा थोडी वर, आणि शक्य तितकी जवळ. हा पंप खालूनही माल ओढतो, कडक नळीने पातळ द्रव बराच वर चढवतो, पण मोजून भरायचं असेल तेव्हा ती ताकद वापरायला लावू नये. सक्शन लाइन पंपातल्या नळीपेक्षा एक साइज मोठी ठेवा. घट्ट मालात या एका गोष्टीने वेग लक्षात येईल इतका वाढवता येतो.

टाकी रिकामी झाली आणि पंप कोरडा चालला तर?

काही होत नाही. माल आला की तो आपोआप पुन्हा ओढायला लागतो. फक्त हवा पूर्ण निघेपर्यंतच्या बाटल्या बाजूला काढा.

मोटर कोणती: सर्वो (फीडबॅकवर चालणारी) की स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणारी)?

लहान माप, मध्यम वेग असेल तर चांगला स्टेपर पुरतो. मोठी नळी, बरीच हेड एका शाफ्टवर आणि दिवसभर भराभर चालू-बंद असेल तर सर्वो घ्या, कारण जोर पडून स्टेपरने पावलं चुकवली तर ज्या ड्राइव्हला फीडबॅक नाही त्याला ते कळतच नाही आणि बाटली मुकाट्याने कमी भरते. एका मोटरवर चार हेड लावली तर चारही नोझलचं माप एकत्रच बदलता येतं. प्रत्येक नोझल स्वतंत्र जुळवायचं असेल तर प्रत्येक हेडला स्वतंत्र ड्राइव्ह लागतो. आणि एका शाफ्टवरच्या सगळ्या नळ्या एकाच लॉटच्या असू द्या, एकाच दिवशी बदला.

सफाई आणि निर्जंतुकीकरण कसं करायचं?

नळी लावलेली असतानाच गरम पाणी, मग क्लीनिंगचं द्रावण, मग पुन्हा पाणी फिरवता येतं. पण रोलरखाली चेपलेल्या जागी द्रावण नीट पोचत नाही, म्हणून धुताना पंप फिरता ठेवा किंवा हेड उघडून नळी मोकळी करा. निर्जंतुक कामासाठी नळी आणि नोझलचा पूर्ण संच ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला करता येतो, किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला एकदाच वापरायचा संच मिळतो. ऑटोक्लेव्ह करून थंड झालेली नळी लावल्यावर माप पुन्हा तपासा.

सुगंधी मालाची सिलिकॉन नळी धुऊन दुसऱ्या मालाला वापरू नका. वास भिंतीत मुरतो आणि पुढच्या बॅचमध्ये उतरतो. प्रत्येक वासाचा संच वेगळा, त्यावर नाव.

रात्री मशीन बंद करताना काय करावं?

लाइन धुऊन रिकामी करा आणि हेडचा वरचा भाग उघडून नळीवरचा दाब काढा. रात्रभर रोलरखाली चेपलेल्या नळीवर सपाट डाग पडतो, आणि सकाळच्या पहिल्या बाटल्यांत तो दिसतो. टाकीत माल असेल तर हेड उघडण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. बंद पंप स्वतःच व्हॉल्व्हचं काम करत असतो. हेड उघडलं की ती अडवणूक जाते आणि उंचावरचा माल नोझलमधून खाली येतो.

सुट्या नळ्या कशा ठेवाव्यात?

मूळ पिशवीत, मोठ्या वेटोळ्यात, घडी न पडता, ऊन आणि उष्णतेपासून लांब. चालू मोटर आणि वेल्डिंगजवळ नकोत, तिथल्या ओझोनने रबरी नळ्यांना चिरा पडतात. जुना लॉट आधी वापरा, आणि कोणत्या तारखेला कोणत्या मशीनवर कोणत्या लॉटची नळी चढवली ते लॉगबुकात लिहा.